दोन प्रोसेसमध्ये सामायिक मेमरी : लिनक्सवर ती उभी करण्याचा आणि मोडण्याचा नेमका क्रम

लिनक्सवर दोन स्वतंत्र प्रोसेसना एकच मेमरी वापरू द्यायची असेल, तर त्यासाठी लागणारी फंक्शने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत आणि ती कोणती हे बहुतेक प्रोग्रॅमरना ठाऊक असते. चुका होतात त्या क्रमाच्या: आकार देण्याआधी मॅप करणे (म्हणजे ती मेमरी प्रोसेसच्या पत्त्यांत बसवणे), म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) तयार होण्याआधी दुसऱ्या प्रोसेसला आत घेणे, आणि सर्वांत जास्त वेळा, त्या मेमरीचे नाव पुसण्याचा अधिकार कोणाचा हे न ठरवताच काम सुरू करणे. यांतल्या बऱ्याच चुका स्वतःच्या टेबलावर कधीच दिसत नाहीत, कारण तिथे दोन्ही प्रोग्रॅम हाताने, एकामागून एक, सावकाश सुरू केले जातात. सर्व्हर रीस्टार्ट होऊन दोन्ही एकाच क्षणी उठतात, तेव्हा त्या बाहेर येतात.

हा लेख पॉझिक्स (युनिक्ससारख्या प्रणालींचे सामाईक मानक) पद्धतीच्या सामायिक मेमरीबद्दल आहे. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली असून अंडरस्कोअरच्या जागी जोडरेघ वापरली आहे. उदाहरण एकच, शेवटपर्यंत तेच: 'मापक' नावाची प्रोसेस तापमानाच्या नोंदी मेमरीत लिहिते आणि 'दर्शक' नावाची वेगळी प्रोसेस त्या वाचून पडद्यावर दाखवते. भाषा सी धरली आहे.

टप्पा १ : कोड लिहिण्याआधी तीन गोष्टी कागदावर

पहिली गोष्ट मालकी. सेगमेंट, म्हणजे सामायिक मेमरीचा नाव असलेला तुकडा, तयार करणारी, त्याला आकार देणारी, त्यातील म्युटेक्स सिद्ध करणारी आणि शेवटी नाव पुसणारी प्रोसेस एकच असावी. आपल्या उदाहरणात ती मापक आहे. दर्शकाने यातले काहीही करू नये. 'जो आधी सुरू होईल तो तयार करील' ही योजना ऐकायला सोयीची वाटते, परंतु तिच्यात प्रत्येक टप्प्याला दोन वाटा फुटतात आणि दुसऱ्या वाटेची चाचणी सहसा कोणी घेत नाही. मालकाच्या दोन प्रती चुकून एकाच वेळी चालू नयेत म्हणून /रन निर्देशिकेतील एका छोट्या फाइलवर मापकाने सुरुवातीलाच एफ-लॉक (फाइलवरचे कुलूप) घ्यावे. प्रोसेस कशीही मेली तरी हे लॉक कर्नल आपोआप सोडतो.

दुसरी गोष्ट नाव. ते तिरप्या रेघेने सुरू व्हावे, त्यात पुढे दुसरी तिरपी रेघ नसावी, आणि ते दोन्ही प्रोग्रॅमनी एकाच हेडर फाइलमधून घ्यावे. दोन ठिकाणी हाताने टाइप केलेले नाव कधी ना कधी वेगळे होतेच.

तिसरी गोष्ट आराखडा, आणि इथे घाई करू नये. सामायिक मेमरीत प्रत्येक बाइटची जागा आधी ठरलेली असावी लागते. आपली एक नोंद अशी: वेळ ८ बाइट, मूल्य ८ बाइट, सेन्सर क्रमांक ४ बाइट आणि राखीव ४ बाइट, म्हणजे एकूण २४ बाइट. अशा १,०२४ नोंदींचे गोलाकार बफर (भरले की पुन्हा पहिल्या खान्यापासून लिहिले जाणारे) २४,५७६ बाइटांचे होते. त्याच्या आधी १९२ बाइटांचे शीर्ष, ६४ बाइटांच्या तीन पट्ट्यांत विभागलेले: पहिल्या पट्टीत ओळखखूण, आराखड्याची आवृत्ती, एकूण आकार आणि 'तयार' खूण, दुसऱ्या पट्टीत म्युटेक्स, तिसऱ्या पट्टीत आजवर लिहिलेल्या नोंदींचा ६४ बिटांचा मोजक. एकूण २४,७६८ बाइट. ६४ बाइटांची पट्टी घेण्याचे कारण असे, की आजच्या बहुतेक प्रोसेसरांत कॅशची ओळ तेवढीच असते आणि सतत बदलणारा मोजक वेगळ्या ओळीत राहिला तर शेजारच्या आकड्यांचे वाचन विनाकारण मंदावत नाही.

सूचना : आराखड्यात पॉइंटर ठेवू नये. तोच सेगमेंट दोन प्रोसेसमध्ये वेगवेगळ्या पत्त्यांवर बसतो, त्यामुळे एकीचा पॉइंटर दुसरीत निरर्थक ठरतो. जागा दाखवायचीच असेल तर सेगमेंटच्या आरंभापासूनचे अंतर बाइटांत साठवावे. सी-प्लस-प्लसमधील स्ट्रिंग आणि व्हेक्टर याच कारणाने बाद होतात, कारण त्यांच्या पोटात पॉइंटरच असतो. 'लाँग' प्रकारही टाळावा, कारण ३२ आणि ६४ बिटांच्या प्रोग्रॅममध्ये त्याची रुंदी बदलते. ठरावीक रुंदीचे पूर्णांक वापरावेत.

तपासणी : नोंदीचा आकार २४, म्युटेक्सची जागा ६४ आणि मोजकाची जागा १२८ आहे, हे स्टॅटिक-असर्टने कंपाइल होतानाच तपासून घ्यावे. म्युटेक्सची रुंदी प्रोसेसर आणि सी लायब्ररीनुसार बदलते. ग्लिबसीत (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) एक्स-८६-६४ वर ती ४० बाइट आहे. एक प्रोग्रॅम ग्लिबसीवर आणि दुसरा अल्पाइनच्या मसल लायब्ररीवर बांधून दोघांनी एकच म्युटेक्स वापरणे चालत नाही, मग आकार योगायोगाने जुळला तरीही.

टप्पा २ : सेगमेंट तयार करणे

मापकाने एसएचएम-ओपन हे फंक्शन वाचन-लेखन, ओ-क्रिएट आणि ओ-एक्सक्ल या तिन्ही ध्वजांसह बोलवावे. ओ-एक्सक्लमुळे त्या नावाचा सेगमेंट आधीच असेल तर ई-एक्झिस्ट ही त्रुटी मिळते आणि आपण नव्या घरात शिरलो की जुन्या, हे निश्चित कळते. तो ध्वज गाळला की मागच्या वेळचा शिळा मोजक आणि कोणीतरी धरून मेलेले म्युटेक्स मुकाट्याने पदरात पडते.

ई-एक्झिस्ट आल्यावर बरेच जण सरळ नाव पुसतात आणि पुन्हा तयार करतात. हे करू नये. का, ते टप्पा ८ मध्ये येईल. मापकाने जुना सेगमेंट ओ-क्रिएटशिवाय उघडावा. त्याची 'तयार' खूण लागलेली असून ओळखखूण, आवृत्ती आणि आकार जुळत असतील तर तोच पुढे वापरावा. खूण लागलेलीच नसेल, तर मागचा मालक उभारणी अर्धवट टाकून मेला आणि आत कोणी आलेले नाही असे समजून टप्पा ३ पासून पुढे जावे.

सूचना : परवानग्यांमध्ये युमास्क, म्हणजे नव्या फाइलच्या परवानग्यांतून आपोआप वगळले जाणारे बिट, आडवा येतो. ०६६० मागितले आणि युमास्क ०२२ असला तर प्रत्यक्षात ०६४० मिळते, म्हणजे गटातील दर्शकाला लिहिण्याची परवानगी राहत नाही. तयार केल्यावर लगेच एफ-सीएचमॉडने हवी ती परवानगी स्पष्टपणे लावावी. लिंक करताना एसएचएम-ओपन सापडत नसेल, तर ग्लिबसी २.३४ पूर्वीची आहे असे समजावे आणि आरटी लायब्ररी जोडावी.

टप्पा ३ : आकार देणे, आणि जागा खरोखर मिळाली का ते पाहणे

नुकत्याच तयार झालेल्या सेगमेंटचा आकार शून्य असतो. एफ-ट्रंकेटने तो २४,७६८ करावा. वाढलेला भाग शून्यांनी भरलेला मिळतो आणि या शून्यांचा आपल्याला टप्पा ५ मध्ये उपयोग आहे.

मात्र एफ-ट्रंकेट यशस्वी झाले याचा अर्थ तेवढी मेमरी राखून ठेवली गेली असा नव्हे. हे सेगमेंट /डेव्ह/एसएचएम या टीएमपी-एफएस (मेमरीतच राहणाऱ्या) फाइल सिस्टिमवर राहतात, तिची कमाल मर्यादा नेहमीच्या मांडणीत रॅमच्या निम्मी असते, आणि पाने प्रत्यक्ष स्पर्श झाल्यावरच खर्ची पडतात. जागा संपलेली असताना नव्या पानावर लिहिले की प्रोसेसला सिग-बस सिग्नल येऊन ती कोसळते, तीही उभारणीच्या ओळीवर नाही, तर तासाभराने भलत्याच ओळीवर. म्हणून एफ-ट्रंकेटनंतर पॉझिक्स-एफ-अ‍ॅलोकेट बोलवावे; जागा नसेल तर ते तिथल्या तिथे ई-नो-स्पेस सांगते. ते त्रुटीचा क्रमांक थेट परत देते, एररनोमध्ये ठेवत नाही.

टप्पा ४ : मॅप करणे

एम-मॅपला वाचन आणि लेखन या दोन्ही परवानग्या आणि मॅप-शेअर्ड हा ध्वज द्यावा. मॅप-प्रायव्हेट दिला तर कोणतीही त्रुटी येत नाही, दोन्ही प्रोसेस सुरळीत चालतात, आणि प्रत्येकीला आपापल्या लेखनाची खासगी प्रत मिळते. 'एकीने लिहिलेले दुसरीला दिसत नाही' या तक्रारीत सर्वांत आधी हाच ध्वज पाहावा.

अपयश तपासताना परत आलेला पत्ता नल आहे का असे पाहू नये. एम-मॅप अपयशी झाल्यास मॅप-फेल्ड देते आणि त्याचे मूल्य उणे एक असते, त्यामुळे नलची तपासणी प्रत्येक अपयशाला यश समजते. मॅप झाल्यावर फाइल डिस्क्रिप्टर बंद केला तरी चालतो. मॅपिंग टिकून राहते.

सूचना : २४,७६८ बाइट म्हणजे ४,०९६ बाइटांची सहा पाने आणि सातव्या पानातील १९२ बाइट. सातव्या पानातील उरलेल्या ३,९०४ बाइटांवर चुकून लिहिले तर काहीही कोसळत नाही. आपल्या उदाहरणात बफरच्या टोकापलीकडे १६२ पूर्ण नोंदी मावतात, म्हणजे निर्देशांकाची चूक दिवसेंदिवस लपून राहू शकते. निर्देशांक १,०२४ ने भागून येणाऱ्या बाकीवरूनच काढावा आणि चाचणीच्या बांधणीत त्याची मर्यादा असर्टने तपासावी.

टप्पा ५ : आतील सामान मांडणे आणि 'तयार' खूण लावणे

सर्व लेखात एकच टप्पा दोनदा वाचायचा असेल तर हा वाचावा. मापकाने पुढील कामे याच क्रमाने करावीत.

१. म्युटेक्सचे अ‍ॅट्रिब्यूट सिद्ध करून त्यावर 'प्रोसेस-शेअर्ड' लावावे. मूळ स्थितीत म्युटेक्स एकाच प्रोसेसच्या थ्रेडसाठी असते. नुसते सामायिक मेमरीत ठेवल्याने ते सामायिक होत नाही. साध्या चाचणीत ते चालल्यासारखे दिसते आणि गर्दी वाढली की झोपलेल्या प्रोसेसला उठवणे चुकते.

२. त्याच अ‍ॅट्रिब्यूटवर 'रोबस्ट' लावावे, म्हणजे म्युटेक्स धरून एखादी प्रोसेस मेली तर दुसरी कायमची अडकून राहत नाही. मग म्युटेक्स सिद्ध करावे.

३. ओळखखूण, आवृत्ती आणि एकूण आकार लिहावा. मोजक शून्य आहे याची खात्री करावी.

४. सर्वांत शेवटी 'तयार' खुणेत १ लिहावे, आणि ते साध्या असाइनमेंटने नव्हे, तर अ‍ॅटॉमिक स्टोअरने, रिलीज क्रमासह, म्हणजे अ‍ॅक्वायर क्रमाने खूण वाचणाऱ्याला तिच्या आधीचे सगळे लेखन दिसेलच.

शेवटच्या पायरीचे कारण असे, की कंपायलर आणि प्रोसेसर दोघेही लेखनांचा क्रम बदलू शकतात. साध्या असाइनमेंटमध्ये खूण आधी आणि म्युटेक्स नंतर दिसणे शक्य आहे. एक्स-८६ वर हे सहसा निभावून जाते आणि तोच कोड एआरएम सर्व्हरवर गेला की फसतो. 'व्होलाटाइल' लिहून हा प्रश्न सुटत नाही. खूण आधी शून्य असणार हे आपण गृहीत धरतो, ते एफ-ट्रंकेटने दिलेल्या शून्यांच्या भरवशावर.

टप्पा ६ : दर्शकाने जोडून घेणे

दर्शकाने ओ-क्रिएट कधीही देऊ नये. सेगमेंट नसेल तर ई-नो-एन्ट मिळते. ५० मिलिसेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करावा आणि ठरावीक वेळेनंतर स्पष्ट संदेश देऊन बाहेर पडावे. सेगमेंट उघडला तर एफ-स्टॅटने आकार पाहावा. तो २४,७६८ पेक्षा कमी असेल तर मापक अजून टप्पा २ आणि ३ यांच्या मधोमध आहे. इथे न थांबता मॅप करून वाचायला गेले की सिग-बस ठरलेला. आकार पूर्ण असेल तर मॅप करावे, 'तयार' खूण अ‍ॅक्वायर क्रमासह वाचावी, ती १ होईपर्यंत थांबावे, आणि त्यानंतरच ओळखखूण, आवृत्ती व आकार तपासून पुढे जावे.

थांबण्याच्या जागा तीन आहेत: नाव येईपर्यंत, आकार येईपर्यंत, खूण येईपर्यंत. यांतली एखादी गाळलेला प्रोग्रॅम महिनोन्‌महिने चालतो आणि नेमका वीज जाऊन आल्यावर पडतो. काही जण त्यावर उपाय म्हणून दर्शकाच्या सुरुवातीला दोन सेकंदांचा स्लीप घालतात. तो उपाय नव्हे; मापकाला तिसरे सेकंद लागले की प्रश्न जिथल्या तिथे.

सूचना : दर्शक फक्त वाचतो म्हणून त्याला केवळ वाचनाची परवानगी द्यावी, असे वाटणे साहजिक आहे. परंतु म्युटेक्स धरणे हे लेखन आहे. केवळ-वाचन मॅपिंगमधील म्युटेक्सला हात लावला की सिग-सेग्व्ह येतो. दर्शकाला खरोखरच लिहू द्यायचे नसेल, तर म्युटेक्सऐवजी सम-विषम क्रमांकाची सिक्वेन्स-लॉक पद्धत वापरावी लागते आणि तिची मांडणी बरीच काटेकोर असते.

टप्पा ७ : लिहिणे, वाचणे आणि मेलेल्याची जागा भरून काढणे

मापकाने म्युटेक्स धरावे, नोंद आधी खान्यात लिहावी, मोजक त्यानंतर वाढवावा आणि म्युटेक्स सोडावे. दर्शकाने म्युटेक्स धरून हव्या त्या नोंदी स्वतःच्या खासगी मेमरीत उतरवून घ्याव्यात, म्युटेक्स सोडावे, आणि मगच छपाई, फाइल, नेटवर्क वगैरे कामे करावीत. लॉक धरून प्रिंट करणारा दर्शक टर्मिनलवर कंट्रोल-एस दाबताच थिजतो आणि त्याच्यामागे मापकही.

रोबस्ट म्युटेक्स धरताना ई-ओनर-डेड मिळाले, तर लॉक आपल्याला मिळालेले आहे, मात्र आधीचा धारक ते धरूनच मेला आहे. हे मूल्य साधी त्रुटी समजून परत फिरणे ही इथली नेहमीची चूक, कारण मग लॉक आपल्याच हातात राहते. अशा वेळी आधी डेटा ताळ्यावर आणावा, मग पीथ्रेड-म्युटेक्स-कन्सिस्टंट बोलवावे आणि मग लॉक सोडावे. मधली पायरी विसरून सोडले तर म्युटेक्स कायमचे निकामी होते आणि पुढे प्रत्येकाला ई-नॉट-रिकव्हरेबल मिळत राहते.

डेटा ताळ्यावर आणणे म्हणजे काय, हे लायब्ररीला माहीत नसते, ते आपल्या आराखड्यावर अवलंबून असते. आपण नोंद आधी आणि मोजक नंतर असा क्रम ठेवला, त्यामुळे मापक मध्येच मेला तर मोजक जुनाच राहतो आणि अर्धवट लिहिलेली नोंद पुढच्या खान्यात असते. बफर भरलेले असताना तो खाना सर्वांत जुन्या नोंदीचा असतो. म्हणून दर्शकाने १,०२४ ऐवजी अलीकडच्या १,०२३ नोंदीच ग्राह्य धराव्यात. मग दुरुस्त करण्यासारखे काही उरतच नाही. एका खान्याचा तोटा सोसून एवढी सोय मिळते, ती मी तरी कधी सोडत नाही.

सेमाफोरला ही सोय नाही. सेमाफोर घेऊन मेलेल्या प्रोसेसची खबर कोणालाच मिळत नाही, त्यामुळे डेटा राखण्यासाठी म्युटेक्सच बरे.

टप्पा ८ : सोडणे आणि पुसणे

एम-अनमॅपने फक्त आपल्या प्रोसेसमधील मॅपिंग जाते. प्रोसेस संपल्यावर ते आपोआपही जाते. नाव आणि त्यामागची मेमरी मात्र एसएचएम-अनलिंक होईपर्यंत किंवा मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत टिकते.

अनलिंकचा अर्थ नीट समजून घ्यावा. त्याने नाव जाते. ज्यांनी आधी मॅप केले आहे त्यांच्याकडे जुनी मेमरी तशीच राहते. मापकाने सुरू होताना अनलिंक करून त्याच नावाचा नवा सेगमेंट तयार केला, तर मापक नव्या मेमरीत लिहितो, दर्शक जुन्या मेमरीत वाचतो, आणि दोघांपैकी कोणालाही त्रुटी मिळत नाही. एका कामात आमच्या पडद्यावरचे तापमान दुपारभर एका दशांशानेही हलले नाही आणि आम्ही सेन्सरच्या वायरी तपासत बसलो. शेवटी दर्शकाच्या /प्रॉक/पीआयडी/मॅप्स फाइलमध्ये सेगमेंटच्या नावापुढे कंसात 'डिलीटेड' दिसले, तेव्हा उलगडा झाला.

आराखड्याची आवृत्ती बदलल्यामुळे नवा सेगमेंट करणे भागच असेल, तर मापकाने आधी जुन्या सेगमेंटच्या 'तयार' खुणेत २, म्हणजे 'रद्द', लिहावे आणि मग अनलिंक करावे. दर्शकाने प्रत्येक फेरीत ती खूण पाहावी आणि २ दिसताच मॅपिंग सोडून टप्पा ६ पासून पुन्हा सुरुवात करावी. जुना सेगमेंट एफ-ट्रंकेटने लहान करण्याचा मार्ग घेऊ नये. दर्शक कापलेल्या भागात वाचत असेल तर तो सिग-बसने जातो.

सूचना : दर्शक पायथनमध्ये असेल तर एक खास खड्डा आहे. ३.८ पासून आलेला शेअर्ड-मेमरी वर्ग केवळ जोडून घेणाऱ्या प्रोसेसमध्येही सेगमेंटची नोंद स्वतःच्या रिसोर्स-ट्रॅकरकडे करतो आणि ती स्वतंत्र प्रोसेस संपताना ट्रॅकर ते नाव पुसून टाकतो. ३.१३ पासून 'ट्रॅक' हा पॅरामीटर फॉल्स देऊन हे थांबवता येते.

टप्पा ९ : चालू यंत्रावर तपासणी

/डेव्ह/एसएचएम निर्देशिकेची यादी एलएस -एल ने पाहावी. आपल्या नावापुढे आकार २४७६८ आणि परवानग्या ०६६० प्रमाणे दिसल्या पाहिजेत. आकार ० दिसला तर उभारणी टप्पा ३ च्या आधी थांबली आहे. त्यानंतर दोन्ही प्रोसेसच्या मॅप्स फाइलमधील त्या सेगमेंटची ओळ काढावी: परवानग्यांच्या चार अक्षरांतले शेवटचे 'एस' असावे, 'पी' नसावे, आणि आयनोड क्रमांक (फाइल सिस्टिममधील फाइलची ओळख) दोन्हीकडे एकच असावा. तो वेगळा असेल तर दोघे वेगवेगळ्या मेमरीवर आहेत, मग नाव कितीही सारखे असो. आयपीसीएस या आज्ञेत हा सेगमेंट शोधू नये. ती जुन्या सिस्टिम-फाइव्ह पद्धतीचे सेगमेंट दाखवते.

डॉकरमध्ये प्रत्येक कंटेनरला स्वतःचे /डेव्ह/एसएचएम मिळते आणि त्याची मर्यादा मूळ स्थितीत ६४ एमबी असते, त्यामुळे दोन कंटेनर एकमेकांचा सेगमेंट आपोआप पाहू शकत नाहीत. मापकाचा कंटेनर आयपीसी 'शेअरेबल' ठेवून दर्शकाच्या कंटेनरला त्याच्याशी जोडावे. मोठा सेगमेंट लागत असेल तर एसएचएम-साइझ वाढवावा. सर्व्हरवर मापक साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असेल, तर सिस्टिम-डीच्या लॉगइन-डी सेटिंगमधील रिमूव्ह-आयपीसी पाहावे. ते चालू असेल तर त्या वापरकर्त्याचे शेवटचे सेशन संपताच त्याचे सेगमेंट पुसले जातात. सिस्टिम वापरकर्त्यांना हा नियम लागू नाही, म्हणून मापकाला तसा स्वतंत्र वापरकर्ता द्यावा.

शेवटची चाचणी मुद्दाम क्रूर असावी. मापकात, म्युटेक्स धरल्यानंतर आणि मोजक वाढवण्याच्या आधी, दहा सेकंदांचा तात्पुरता स्लीप घालावा आणि त्या अवधीत त्याला किल -९ द्यावे. दर्शकाच्या लॉगमध्ये ई-ओनर-डेडची एकच ओळ यावी, पडद्यावर आधीच्या नोंदी शाबूत दिसाव्यात, आणि मापक पुन्हा सुरू केल्यावर दर्शकाला हात न लावता नव्या नोंदी येऊ लागाव्यात. ओळ एकापेक्षा जास्त वेळा आली तर मापक वारंवार मरतो आहे. तिच्यानंतर ई-नॉट-रिकव्हरेबल येऊ लागले तर डेटा सावरल्यावर कन्सिस्टंट बोलवायचे कुठेतरी राहिले आहे. दर्शक थिजला तर 'रोबस्ट' अ‍ॅट्रिब्यूट म्युटेक्स सिद्ध करण्याच्या आधी लावले होते की नंतर, ते पाहावे.